जुन्या अमेरिकन मसल कार्स: मालकी, निगा आणि आठवणी

शंतनू_नोव्ही:

डेट्रॉईटच्या आसपास मोटारींच्या धंद्यावर पोट असलेली मराठी माणसं रगड आहेत. मंडळाच्या गणपतीत चार लोक जमले की त्यातले दोघे कुठल्या ना कुठल्या गाडीचा एखादा भाग बनवत असतात. तरी इथे जुन्या मसल कारवर, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या, मधल्या आकारात मोठं इंजिन घातलेल्या अमेरिकन गाड्यांवर, एकही धागा नाही, म्हणून हा काढतोय. ज्यांच्याकडे आहे, ज्यांच्याकडे होती, ज्यांना घ्यायची आहे, सगळ्यांनी लिहा.

माझ्याकडे १९६७ ची पाँटिॲक जीटीओ आहे. दोन दारांची, हार्डटॉप (पक्क्या छताची, मधला खांब नसलेली), ४०० घन इंचांचं व्ही-८ इंजिन, कागदावर ३३५ अश्वशक्ती, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स आणि हर्स्टचा गिअरचा दांडा. वुडवर्ड रस्ता डेट्रॉईटमधून निघून ज्या पाँटिॲक गावात संपतो, त्याच गावच्या कारखान्यात ती जुळली.

जीटीओची गोष्ट मला फार आवडते, कारण ती कंपनीचा नियम वाकवून जन्माला आली. जनरल मोटर्सचा दंडक होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. १९६३ मध्ये कंपनीने शर्यतींतूनही अंग काढून घेतलं होतं. पाँटिॲकचे मुख्य अभियंता तेव्हा जॉन डीलॉरियन. त्यांच्या आणि बिल कॉलिन्स, रस गी या सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं की आपलं ३२६ आणि ३८९ ही दोन्ही इंजिनं बाहेरून सारख्याच मापाची आहेत. म्हणजे मोठ्या गाडीचं ३८९ लहान गाडीत काही न कापता बसतं. नवं मॉडेल काढायचं तर वरची मंजुरी लागली असती, जादा पर्यायाला लागत नव्हती. म्हणून १९६४ च्या टेम्पेस्ट ल मान्सवर साधारण २९५ डॉलरचा पर्याय म्हणून जीटीओ आली. विक्री खात्याने पाच हजारांची मर्यादा घातली होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या.

घेणारे कोण होते? युद्धानंतर जन्मलेली, नुकती नोकरीला लागलेली पोरं. वडील कारखान्यात, पोरगाही कारखान्यात, आणि हप्त्याने घेतलेली ही गाडी. तिच्यात उंची असं फार नव्हतं. सगळा पैसा बोनेटखाली होता.

माझ्या गाडीचे आधीचे मालक पाँटिॲकच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडीबरोबर त्यांनी मला एक वही दिली. प्रत्येक ऑईल बदल, प्रत्येक प्लग, प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, सगळं पेन्सिलीने. १९७४ च्या सुरुवातीच्या पानांवर टाकी कधी पूर्ण भरलेली दिसत नाही, पाच गॅलन, चार गॅलन, असंच. तेलटंचाईमुळे पंपावर लागलेल्या रांगांचे ते दिवस. पुढे एका पानावर टायमिंग गिअर बदलल्याची नोंद आहे आणि शेजारी एक शब्द अधोरेखित: नायलॉन. आवाज कमी व्हावा म्हणून पाँटिॲकने कॅम गिअरचे दात नायलॉनचे केले होते. वय झालं की ते ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे ऑईल पॅनमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. ज्याच्याकडे त्या काळची पाँटिॲक आहे आणि गिअर बदलल्याचा पुरावा नाही, त्याने आजच इंजिनचं पुढचं कव्हर उघडावं.

चालवण्याबद्दल. थंड इंजिन असेल तर पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडायचं, म्हणजे चोक बसतो, मग चावी. हळू चालवताना क्वाड्राजेट कार्बोरेटरची पुढची दोन बारीक तोंडंच काम करतात. पाय पुरता दाबला की मागची दोन मोठी उघडतात, आणि तेव्हा जो आवाज येतो तो सायलेन्सरचा नसतो, हवा आत ओढली जाण्याचा असतो. माझ्या गाडीला इंजिनच्या फेऱ्यांचं घड्याळ काचेच्या बाहेर, थेट बोनेटवर आहे. पावसात त्याच्या काचेवर आतून वाफ धरते. ब्रेक चारही चाकांना ड्रम. एकदा जोरात दाबला तर थांबते, लगेच दुसऱ्यांदा दाबला तर तेवढी थांबत नाही. त्यामुळे पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावं लागतं आणि ते अंतर पाहून मध्ये घुसणाऱ्यांवर डोळा ठेवावा लागतो.

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. १९७१ ची प्लिमथची हेमी कूडा कन्व्हर्टिबल (‘हेमी’ हे तिच्या इंजिनचं नाव), जी जेमतेम ११ बनली, तिच्यातली एक २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. तेव्हापासून साध्या गाड्यांकडेही लोक मुदत ठेवीसारखं बघू लागलेत. ट्रेलरवरून आणायची, दोरी लावून उभी करायची, ट्रेलरवरून न्यायची. कामगारांच्या पोरांसाठी बनलेल्या गाडीचं असं होणं मला मनापासून खुपतं. ती रस्त्यावर चालली पाहिजे, आणि ती कोणी बनवली, कोणी चालवली, हेही तिच्याबरोबर सांगितलं गेलं पाहिजे.

गिरगावकर:

वा! वही वाचून अंगावर काटा आला. त्या पानांचे फोटो काढून ठेवा, पेन्सिल पुसत जाते.

माझे वडील ग्रँट रोडच्या गॅरेजात फिटर होते. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावं आमच्या घरात रोजची. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये या गाड्या जुळायच्या. त्याआधी १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना होता, तो १९५४ मध्ये बंद पडला. मुंबईच्या टॅक्सीतही या गाड्या असायच्या. पुढे आयातीचं दार जवळजवळ बंद झालं, त्यामुळे तुम्ही म्हणता ती पिढी आमच्याकडे दिसलीच नाही. प्रश्न असा की आम्ही पाहिलेल्या प्लिमथचं आणि त्या हेमी प्लिमथचं काही नातं लागतं का?

शंतनू_नोव्ही:

@गिरगावकर, वंश एकच, पण इंजिन पूर्ण वेगळं. तुमच्या वडिलांनी उघडलेली बहुतेक इंजिनं सरळ सहा सिलिंडरची, व्हॉल्व्ह बाजूला असलेली. वर हेडमध्ये काही हलत नाही, म्हणून चपटं झाकण. दणकट, पण संथ. ४२६ हेमीमध्ये ज्वलनाची जागा अर्धगोल, व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके, त्यामुळे हवा सरळ आत आणि सरळ बाहेर. १९६४ च्या डेटोना ५०० मध्ये रिचर्ड पेटींनी त्यावर शर्यत मारली आणि १९६६ पासून ते रस्त्यावरच्या गाडीत मिळू लागलं. वडिलांच्या आठवणी सवडीने लिहाच, त्या इथे हव्यात.

आबा_वेनस्टेट:

शंतनू, धागा काढलास ते फार बरं केलंस. मी १९६८ साली डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकायला आलो. पदरी पैसे नव्हते, गाडी तर दूरच, त्यामुळे माझ्या आठवणी शेजारच्या सीटवरून आहेत.

प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्याने त्या वर्षी प्लिमथ रोड रनर घेतली. किंमत तीन हजार डॉलरच्या आत. आत गालिचा नाही, रबरी चटई. पुढे एक सलग बाक. ३८३ घन इंचांचं इंजिन मात्र पुरेपूर. कार्टूनमधल्या त्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले होते, आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा वाजायचा. शुक्रवारी रात्री आम्ही वुडवर्डवर जायचो. रॉयल ओकचं टोटेम पोल, पुढे टेड्स, अशी खाण्याची ठिकाणं होती, तिथे वळसा घालून पुन्हा उलट. सिग्नलला शेजारची गाडी थांबली की दोघे एकमेकांकडे बघायचे, बोलणं नाही, आणि हिरवा दिवा लागला की पुढच्या सिग्नलपर्यंत. कायद्याने गुन्हा होता आणि लोक मेलेही, हे विसरू नये.

खरी गंमत अशी की समोरचा कंपनीचा अभियंता निघण्याची शक्यता असे. रॉयल ओकमधली रॉयल पाँटिॲक ही पेढी गाड्या खास जुळवून द्यायची, त्यांना ‘बॉबकॅट’ म्हणत. आणि जिमी ॲडिसन यांची चंदेरी १९६७ ची प्लिमथ जीटीएक्स, ‘सिल्व्हर बुलेट’, हिच्यामागे क्रायस्लरच्या अभियंत्यांचा हात होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. वुडवर्डवरच्या सनोको पंपावर ते काम करायचे. ती गाडी उभी दिसली की पोरांच्या माना वळत.

माझ्या सोबत्याला पुढच्या वर्षी लष्करातून बोलावणं आलं आणि जाण्याआधी त्याने रोड रनर विकली. तो व्हिएतनामहून सुखरूप परतला, पण तोवर विम्याचा हप्ता असा वाढला होता की पंचविशीच्या आतल्या मुलाला गाडीच्या हप्त्याइतकाच विम्याचा हप्ता पडे. लोक १९७३ च्या तेलटंचाईचं नाव घेतात. माझ्या डोळ्यांदेखत या गाड्या त्याआधीच विम्याने मारल्या.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. कोणी बनवली हे सांगितलं पाहिजे, असं तू म्हणालास. १९७० ची चॅलेंजर आणि बॅराकूडा हॅमट्रॅमॅकच्या डॉज मेन कारखान्यात व्हायची. तिथे १९६८ च्या मे महिन्यात जुळणीच्या पट्ट्याचा वेग वाढवल्यावरून संप झाला आणि त्यातून कृष्णवर्णीय कामगारांची ‘ड्रम’ ही संघटना उभी राहिली. शिक्षेत गोरे-काळे भेद, धोक्याची आणि घाणीची कामं कोणाच्या वाट्याला, यावर ते बोलत. आमच्या विद्यापीठाच्या ‘साउथ एंड’ या विद्यार्थी वर्तमानपत्रात तेव्हा जॉन वॉटसन संपादक होते, त्यात हे सगळं छापून यायचं. कारखान्यातून थेट संध्याकाळच्या वर्गाला येणारे विद्यार्थी माझ्या ओळखीचे होते. पाळीत कापलेले हात मी पाहिलेत. १९८१ मध्ये डॉज मेन पाडून टाकला. लिलावात कोणी चॅलेंजरच्या जांभळ्या रंगाचं कौतुक केलं की मला ते हात आठवतात, आणि त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

मुग्धा_पुणे:

आबा, तुम्ही लिहीत राहा. यातलं डॉज मेनचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

रेवती_क:

मनमोकळा धागा आहे म्हणून मनमोकळं लिहिते, राग मानू नये. मी हवेच्या प्रदूषणावर काम करते. या गाड्यांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि ते रस्त्याकडेच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात गेलं. सीटचे पट्टे १९६८ च्या आधी बहुधा फक्त कमरेचे, धडकेत चुरडून जोर शोषणारा भागच नाही. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला म्हणून या गाड्या संपल्या, याचं लोकांना वाईट वाटतं. मला तो कायदा या देशाने केलेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी एक वाटतो. आठवण ठेवावी, पण ‘ते दिवस सोन्याचे’ असं म्हणू नये.

शंतनू_नोव्ही:

@रेवती, राग कसला, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. त्या कायद्यामुळे आज आपण घेतोय तो श्वास स्वच्छ आहे. थोडी तांत्रिक भर घालतो. शिसं दोन कामं करायचं. एक, इंजिनमध्ये ठकठक (नॉकिंग) होऊ न देणं. दुसरं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजू न देणं. अमेरिकेत १९९६ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं. आता हेड उघडलं की आम्ही कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेतो आणि बिनशिशाच्या पेट्रोलवर गाडी बिनघोर चालते. माझं कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) १०.७५ ला १ आहे, त्यामुळे पंपावरचं सर्वांत वरच्या दर्जाचं पेट्रोल आणि ठिणगीचं टायमिंग जरा मागे, एवढं पथ्य.

वापरही मोजकाच असतो. मिशिगनमध्ये ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट घेतली की गाडी मेळाव्यांना, प्रदर्शनांना नेता येते, आणि ऑगस्ट महिनाभर एरवीही चालवता येते. ऑगस्टच का, तर तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५ मध्ये फर्नडेलच्या मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे उभे करायला ती सुरू झाली. बघणाऱ्याला तिकीट नाही. फुटपाथवर खुर्ची टाकून बसा, गाड्या समोरून जातात.

सॅनहोजेकर:

माझ्याकडे १९६९ ची शेव्हरोलेची कमॅरो आहे, पण तिच्यात मी नव्या काळाचं इंधन-इंजेक्शनचं व्ही-८ बसवलंय. चारही चाकांना डिस्क ब्रेक, तीन बिंदूंचे पट्टे, पाच गिअर. कॅलिफोर्नियात १९७५ आणि आधीच्या गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे, तरी माझी गाडी जुन्या इंजिनापेक्षा कितीतरी स्वच्छ जळते. मुलांना मागे बसवून मी ती रोज चालवतो. तुम्ही म्हणता ना रस्त्यावर चालली पाहिजे? मग ही चालतेय. रेवतीताईंच्या दोन्ही आक्षेपांना हेच उत्तर आहे.

आबा_वेनस्टेट:

@सॅनहोजेकर, मुलं सुरक्षित बसतात हे ऐकून बरं वाटलं, त्याला माझा कधीच विरोध नाही. जुनं इंजिन काय केलंत?

सॅनहोजेकर:

आबा, ते गाडीचं मूळ इंजिन नव्हतंच. आधीच्या कुणीतरी बदललं होतं, ब्लॉकवरचा क्रमांक गाडीशी जुळत नव्हता. मूळ असतं तर पेटीत बंद करून जपलं असतं.

शंतनू_नोव्ही:

हे योग्यच. माझी रेघ तिथेच आहे. मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स आणि कागद जिथे शाबूत आहेत, त्या गाडीला कटर लावू नये. जिथे ते आधीच गेलंय, तिथे तुमच्यासारखं करावं. मूळ आहे की नाही ते कसं ओळखायचं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा कारखान्याने दिलेला क्रमांक २४२ ने सुरू होतो, त्यामुळे लगेच कळतं. १९६४ आणि ६५ ला मात्र ती ल मान्सचा पर्याय होती, क्रमांकही ल मान्सचाच. बिल्ले चिकटवून बनवलेल्या खोट्या जीटीओ त्या दोन वर्षांतच जास्त सापडतात. त्यासाठी पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मागवायची. त्याशिवाय जीटीओच्या भावाने पैसे मोजू नयेत. क्रायस्लरच्या गाड्यांत कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत कारखान्याचा जुळणीचा कागद खोचलेला सापडतो.

मुग्धा_पुणे:

एक शंका. १९७० ची शेव्हरोलेची शेव्हेल ४५० अश्वशक्ती आणि १९७२ ची २७० असं कुठेतरी वाचलं. दोन वर्षांत एवढी घसरण कशी?

शंतनू_नोव्ही:

@मुग्धा, त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत. पहिली, १९७० च्या ४५० वालं एलएस६ आणि १९७२ चं २७० वालं, दोन्ही ४५४ घन इंचांची असली तरी वेगळी इंजिनं, पहिलं फार तापट. दुसरी, १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या, कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून कॉम्प्रेशन उतरवलं. तिसरी, मोजण्याची रीतच बदलली. पूर्वी इंजिन उघडं बाकावर चढवून मोजायचे, एअर फिल्टर नाही, पंखा नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. १९७२ पासून सगळं जोडून मोजू लागले. म्हणजे आकड्यातली बरीचशी घसरण कागदावरची आहे.

निनाद_एडिसन:

सगळं एका दमात वाचून काढलं. मला १९६६ ची फोर्डची मस्टँग घ्यायची आहे. जवळच एक पाहिली, विकणारा म्हणतो मूळ जीटी (जादा संचाची खास मस्टँग) आहे. क्रमांक ‘६टी०७सी’ ने सुरू होतो. काय काय बघू?

शंतनू_नोव्ही:

@निनाद, पहिली आनंदाची बातमी. ‘टी’ म्हणजे मेटुचेनचा कारखाना, आणि तो होता तुमच्याच एडिसनमध्ये, रूट १ वर. २००४ मध्ये बंद झाला. तुम्ही रोज जिथून जात असाल तिथेच ही गाडी जुळली.

आता क्रमांक वाचा. ६ म्हणजे १९६६. ०७ म्हणजे हार्डटॉप. पाचवं अक्षर इंजिनचं. ‘सी’ म्हणजे २८९ घन इंच, दोन तोंडांचा कार्बोरेटर. १९६६ ला जीटीचा संच फक्त चार तोंडांच्या २८९ वरच मिळे, म्हणजे ‘ए’ किंवा ‘के’ अक्षर हवं. तेव्हा ही कारखान्यातून जीटी म्हणून निघालेली नाही. रंगाचे पट्टे, धुक्याचे दिवे, बिल्ले नंतर कोणीतरी लावलेत. विकणारा लबाडच असेल असं नाही, त्यालाही तसंच सांगून विकली असेल. गाडी वाईट ठरत नाही, किंमत मात्र साध्या हार्डटॉपची द्यायची.

रेवती_क:

हे फारच उपयोगी. असं अक्षरागणिक वाचता येतं हे माहीत नव्हतं.

निनाद_एडिसन:

बरं झालं विचारलं, मी जवळजवळ बयाणा देणार होतो. पत्रा कसा तपासू? रंग चकाचक आहे.

आबा_वेनस्टेट:

रंग चकाचक असला की जास्त सावध राहायचं. लोहचुंबक कापडात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानीवर आणि दारांच्या खालच्या कडेवर फिरव. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, पोटीन आहे. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, गंज खालून खातो.

शंतनू_नोव्ही:

आबांनी सांगितलं ते कराच, आणि मस्टँगचं खास दुखणं तपासा. पुढच्या काचेच्या खाली, बोनेटच्या मागे हवेची जाळी आहे. तिच्या आतली पन्हळ गंजते आणि पाणी थेट केबिनमध्ये येतं. विकणाऱ्याची परवानगी घेऊन जाळीवर पाण्याचा तांब्या सावकाश ओता, दुसऱ्याला आत बसवून डॅशबोर्डखाली बॅटरी मारायला सांगा. गालिचा उचलून हात लावून बघा. ओल लागली तर तो डबा बदलायला वेल्डिंगचे शेकडो टाके उसवावे लागतात, खर्च गाडीच्या किमतीत धरा. मग बोनेट उघडून पुढच्या स्प्रिंगांच्या उभ्या खांबांना तडे आहेत का ते बघा, आणि गाडी जॅकवर चढवून पुढच्या सीटच्या पुढे, खालच्या कोपऱ्यांतले पेटीसारखे जोड ठोकून बघा.

शनिवारी जाताय ना? जाळीचे आणि त्या खांबांचे फोटो इथे टाका. तोवर किमतीवर एक शब्द बोलू नका.